मधल्या फळीवरची पुस्तके

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी पुस्तकांचे कपाट उघडले की एकसारखेच चित्र दिसते. सर्वांत वरच्या फळीवर जुजदानात गुंडाळलेले कुरआन शरीफ, पंजसूरा आणि दुआंची पुस्तके. खालच्या फळीवर मुलांची पाठ्यपुस्तके आणि गाइडे. वरची फळी आखिरतसाठी, खालची परीक्षेसाठी. मधल्या फळीवर चष्म्याची डबी, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि लाइटची बिले.

ही मधली फळी भरावी कशाने, असे वाचक भगिनी अनेकदा विचारतात. आम्ही काही मोठे समीक्षक नव्हे. पण वाचनाची आवड आहे आणि मते तर त्याहून जास्त आहेत. म्हणून आम्ही वाचलेल्या काही पुस्तकांविषयी मोकळेपणाने लिहीत आहोत. हा फतवा नाही. पटले तर घ्यावे, नाही पटले तर आमच्याशी भांडावे, पण पुस्तक वाचून भांडावे.

सुरुवात इब्न बतूताच्या प्रवासवर्णनाने करू. हा तरुण 1325 साली, एकविसाव्या वर्षी, मोरोक्कोतील तंजा शहरातून हजसाठी निघाला आणि सुमारे चोवीस वर्षांनी परतला. दरम्यान तो आपल्या दौलताबादलाही येऊन गेला. तिथल्या किल्ल्याच्या अंधारकोठडीत मांजरांहून मोठे उंदीर आहेत, असे त्याने लिहिले आहे. मुलांना हे वाचून दाखवा, ती सुट्टीत दौलताबादला जायचा हट्ट धरतील. मात्र आमची एक तक्रार आहे. सुलतानांनी दिलेले घोडे, झगे आणि नाणी त्याला बारकाईने आठवतात, वाटेत केलेल्या आणि मोडलेल्या निकाहांचे मात्र त्याला फारसे काही वाटत नाही. घरी पोहोचण्याआधीच आई प्लेगमध्ये गेल्याचे त्याला कळले. एवढ्या मोठ्या ग्रंथात त्या आईच्या वाट्याला फार थोड्या ओळी येतात. परदेशी नोकरीला मुलगा पाठवलेल्या आयांनी हा भाग जरूर वाचावा, आणि मुलांनी तर त्याहून आधी.

दुसरे पुस्तक डेप्युटी नजीर अहमद यांचे ‘मिरात-उल-अरूस’. 1869 साली उर्दूत आलेल्या या कादंबरीला तेव्हाच्या सरकारने एक हजार रुपयांचे बक्षीस दिले होते. अकबरी ही हट्टी, बेशिस्त थोरली बहीण आणि असगरी ही हुशार, टापटिपीची धाकटी. असगरी घरातल्या चोरट्या नोकराणीचा हिशेब उघडा पाडते आणि घरातच मुलींची शाळा चालवते. नजीर अहमद यांना मुलींच्या शिक्षणाची खरी तळमळ होती, यात शंका नाही. पण आमचे मत विचाराल तर असगरी जरा जास्तच परिपूर्ण आहे. तिला राग येत नाही, ती थकत नाही, तिचे डोके कधी दुखत नाही. अकबरी मात्र चुकते, रुसते, हजहून आल्याचे सोंग घेतलेल्या बाईकडून फसते आणि दागिने गमावून बसते. ती जिवंत वाटते. दीडशे वर्षे झाली, तरी नवी सून आली की आपण तिला असगरीच्या मापाने मोजतो. ते माप एखाद्या कादंबरीकाराने बनवलेले आहे, हे सासूबाईंनी लक्षात घेतले तर पुष्कळ घरे शांत होतील.

तिसरे नाव बेगम रुकैया सखावत हुसैन यांचे. शाळेत न गेलेल्या या बंगाली मुलीला थोरल्या भावाने रात्री सगळे झोपल्यावर इंग्रजी शिकवले. 1905 साली तिने इंग्रजीत ‘सुलतानाज् ड्रीम’ ही छोटी गोष्ट लिहिली. त्यात पुरुष घरात पडद्यात बसतात आणि स्त्रिया सूर्याच्या उष्णतेवर राज्य चालवतात. गोष्ट मजेची आहे. पण खरे पुस्तक त्यांचे ‘अवरोधबासिनी’. त्यात सत्तेचाळीस छोटे प्रसंग आहेत. एक बाई बुरख्यात अडखळून रेल्वेच्या रुळावर पडते. मदतीला धावलेल्या पुरुषांना तिची दासी हात लावू देत नाही, आणि गाडी सुटते. हा प्रसंग वाचून दोन दिवस जेवण गोड लागत नाही.

काही मंडळी म्हणतात, त्या पडद्याच्या विरोधात होत्या. आम्हांला तसे दिसत नाही. शालीनता वेगळी आणि माणसाला कोंडून ठेवणे वेगळे, एवढेच त्या सांगत होत्या. 1911 साली त्यांनी कोलकात्यात आठ मुलींवर शाळा सुरू केली आणि मुली मिळवण्यासाठी घरोघर फिरल्या. ज्यांची मुलगी आज बसने कॉलेजला जाते, त्यांच्यावर या बाईचे थोडेतरी ऋण आहे.

आता थोडे हसू या. मल्याळम लेखक वैकम मुहम्मद बशीर यांची ‘पातुम्माची शेळी’ ही कादंबरी म्हणजे गच्च भरलेल्या घराची गोष्ट. आई, भाऊ, भावजया, पोरेटोरे, कोंबड्या, आणि रोज माहेरी येणारी बहीण पातुम्मा तिच्या शेळीसह. शेळी दिसेल ते खाते. लेखकाची छापील पुस्तकेही खाते. तो बिचारा शांतपणे बघत राहतो. ती घोंगडीकडे वळते तेव्हा मात्र काकुळतीला येतो, कारण पुस्तकाच्या प्रती आणखी मिळतील, घोंगडी एकच आहे! घरातल्या बायका पातुम्माच्या नकळत तिच्या शेळीचे दूध काढतात, तो प्रकार वाचताना आपल्याच स्वयंपाकघराची आठवण येते. बशीर यांनी हे मानसिक आजारावर उपचार चालू असताना लिहिले, हे कळल्यावर त्या हसण्याची किंमत वाढते. आपल्यावर लिहिलेले पुस्तक म्हणजे एकतर दंगल नाहीतर तलाक, असे समजणाऱ्यांनी ही शेळी आधी भेटावी.

लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ आमच्या फळीवर कसे, असे कोणी विचारेल. नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंचा जीव त्यांच्यापाशी आणि संस्कार माहेरच्या सोवळ्यात. पाच वर्षांनी त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, पण मधल्या वर्षांतली त्यांची ओढाताण त्यांनी अशा भाषेत सांगितली आहे, जशी एखादी शेजारीण तांदूळ निवडता निवडता बोलते. नवऱ्याचा संताप, घरातली तंगी, स्वतःची फजिती, काहीच लपवलेले नाही, आणि तरी कुठे कडवटपणा नाही. मराठीत अल्पसंख्य होऊन जगणे काय असते, हे या पुस्तकाइतके गोड करून कोणी सांगितलेले आम्हांला माहीत नाही. आमच्या मते, प्रत्येक आजीला हे मोठ्याने वाचून दाखवावे.

साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ मुलांना शाळेतून कळते. पण गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृती’ या पुस्तकात पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांचे चरित्रही मराठीत लिहिले आहे, हे किती घरांत ठाऊक आहे? सीरतच्या अभ्यासासाठी जाणकारांचे ग्रंथ आहेतच. या पुस्तकाचे मोल वेगळे आहे. शेजारच्या घरातून एक माणूस आपल्याकडे इतक्या प्रेमाने पाहत होता, हे मुलांना कळले पाहिजे.

यापुढची दोन पुस्तके अवघड आहेत. हमीद दलवाई यांचे नाव निघाले की आपल्याकडे बैठकीचे दोन तट पडतात. दीन आणि शरीअतविषयीची त्यांची अनेक मते आम्हांला मान्य नाहीत. पण 1965 सालची त्यांची ‘इंधन’ ही कादंबरी म्हणजे भाषण नव्हे. दीर्घ काळाने आपल्या कोकणातल्या गावी परतलेला माणूस तिथली हिंदू-मुस्लिम माणसे, त्यांची जुनी नाती आणि हळूहळू पेटत जाणारा वैरभाव पाहतो. लेखक कोणालाच सोडत नाही, आपल्यांना नाही आणि त्यांनाही नाही. आग लागते तेव्हा सरपण आधीपासून रचलेले असते, हे कादंबरीच्या नावातच आहे. लेखकावर राग असेल तर असू द्या. पण चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस आपल्या मोहल्ल्याला ओळखत होता, हे नाकारता येत नाही.

शेवटचे पुस्तक बानू मुश्ताक यांचे ‘हार्ट लॅम्प’. हसनच्या या वकीलबाईंच्या बारा कन्नड कथांना, दीपा भास्ती यांच्या इंग्रजी अनुवादासह, 2025 सालचा आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाला. शीर्षककथेतील मेहरून नवऱ्याने झिडकारल्यावर लेकरू घेऊन माहेरी येते. भाऊ तिला अब्रूच्या नावाखाली परत नेऊन सोडतात. रात्री ती रॉकेलचा डबा उचलते, आणि तिला थांबवते ती तिची मुलगी.

अशा कथांनी आपली बदनामी होते, असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. बाहेर आपल्याविषयी वाईट बोलणारे आधीच कमी नाहीत, त्यात भर कशाला, ही भावना आम्ही समजतो. तरीही आम्ही विचारतो, मेहरूनला परत पाठवणारे भाऊ कथेतच असतात का? आपल्या ओळखीच्या किती मुली माहेरच्या दारातून परत फिरल्या? निकाह आणि खुला या दोन्ही गोष्टी दीनने दिल्या आहेत, मुलीला जाळणारी अब्रू दीनने दिलेली नाही. घरातली भेग दाखवणारा गवंडी घराचा शत्रू नसतो. ही कथा आयांनी आधी स्वतः वाचावी, मग कॉलेजला जाणाऱ्या मुलीला द्यावी, आणि जमल्यास तिच्या भावालाही.

यांतली सगळीच पुस्तके मराठीत सहज मिळतील असे नाही. उर्दू, हिंदी, इंग्रजी, ज्या भाषेत मिळेल त्या भाषेत घ्यावीत. घरात एकाला तरी ती भाषा येतेच. त्याने संध्याकाळी दहा पाने वाचून बाकीच्यांना मराठीत सांगावीत. मुलीला पुस्तक वाचताना पाहून ‘काम नाही का?’ असे विचारण्याची सवय तेवढी सोडावी लागेल.

येत्या ईदला मुलांच्या ईदीत पन्नास रुपये पुस्तकासाठी वेगळे ठेवून पाहा. कोणते घ्यायचे ते त्यांनाच ठरवू द्या. लाइटची बिले इन्शाअल्लाह दुसरीकडे ठेवता येतील.