जुनेराची नवी घडी

लुगडे विरले म्हणजे त्याचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न आपल्या आजीला कधी पडला नाही. धड उरलेल्या भागाचे बाळासाठी दुपटे होई. विरलेला भाग चुलीवरचे भांडे उतरविण्यासाठी फडके म्हणून वापरला जाई. काठ तेवढे कापून ठेवले जात आणि पिशवीचे बंद म्हणून ते वर्षानुवर्षे टिकत. अगदी शेवटी उरलेल्या चिंधीला पीळ देऊन तिचा काकडा होई. कोंड्याचा मांडा करण्याची ही वृत्ती दारिद्र्यातून आली असे म्हणता येईल. परंतु तिच्यात केवळ काटकसर नव्हती. कोणत्या वस्तूत कोणता गुण अद्याप शिल्लक आहे हे ओळखण्याची दृष्टी तीत होती, आणि हस्तकलेचा उगम याच दृष्टीत आहे.

आज ही दृष्टी मंदावत चालल्याचे आढळून येते. जुने कपडे बोहारणीला देऊन भांडे घेणे सोपे झाले आहे. माळ्यावरची अडगळ वाढते आहे, आणि ‘टाकाऊतून टिकाऊ’ या नावाने शाळांत भरणाऱ्या प्रदर्शनांसाठी पुष्कळदा रंगीत कागद, चमकी आणि डिंकाच्या बाटल्या दुकानातून विकत आणल्या जातात. प्रदर्शन संपले की या वस्तू उकिरड्यावर जातात. टाकाऊतून टिकाऊ करण्याऐवजी विकतच्या मालातून टाकाऊ वस्तू तयार होते, असा हा उलटा प्रकार आहे. हे टाळावयाचे असेल तर हस्तकलेची प्रेरणा कोठून येते याचा मुळापासून विचार करावयास हवा.

गोधडीचा धडा

या विचारासाठी गोधडीइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. कोठे तिला गोधडी म्हणतात, कोठे वाकळ. परंतु रीत बहुतेक सारखीच असते. नऊवारी सुती लुगडे सुमारे ८ मीटर लांब असते. त्याच्या लांबीत चार सारख्या घड्या घातल्या म्हणजे सुमारे २ मीटर लांबीचे चार थर होतात. एका माणसाच्या पांघरुणाचे माप लुगड्याच्या मापातच असे दडलेले असते. जाड गोधडी हवी असेल तर मधल्या थरांत जुनी धोतरे, सदऱ्यांचे तुकडे व इतर जुनेर यांचा भर घालतात.

प्रथम सर्व कापड धुऊन कडक उन्हात वाळवितात. नंतर ते सारवलेल्या किंवा फरशीच्या जमिनीवर अंथरून सुरकुत्या काढतात, कडांवर वजने ठेवतात आणि थर सरकू नयेत म्हणून लांब लांब कच्चे टाके घालतात. त्यानंतर जाड दोऱ्याने धावदोरा सुरू होतो. कडेपासून आरंभ करून चौकोनात चौकोन घालीत टाके मध्याकडे नेण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्यामुळे कापडाचा झोल एका बाजूस साठत नाही.

या साध्या रीतीमागे पक्की कारणे आहेत. थरांच्या मध्ये अडकून राहिलेली हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. वारंवार धुतल्याने सुती कापड मऊ झालेले असते, म्हणूनच तान्ह्या बाळाच्या दुपट्यासाठी नव्या कापडापेक्षा जुने लुगडे अधिक चांगले. टाके जवळ जवळ असल्यामुळे ताण एकाच ठिकाणी न पडता सर्वत्र विभागला जातो आणि विरलेले कापडही आणखी काही वर्षे काम देते.

आता नक्षीचा विचार करू. गोधडीवरील रंगीत चौकटी व त्रिकोण हे प्रथम शोभेसाठी लावलेले नसतात. कापड जेथे विरले असेल तेथे ठिगळ लावणे भाग असते. ठिगळ लावावयाचेच, तर ते शेजारच्या रंगाला उठाव देणारे का नसावे, असा विचार करणाऱ्या बाईच्या हातून नक्षी जन्माला येते. गरज आणि सौंदर्य येथे वेगळे काढता येत नाहीत.

बंगालचा कांथा, बिहारमधील सुजनी, उत्तर कर्नाटकातील कवुदी या सर्वांचे मूळ असेच जुन्या साड्या-धोतरांच्या थरांत आणि साध्या धावदोऱ्यात आहे. आपल्याकडे तर चिंध्यांना एका संताने प्रतिष्ठा मिळवून दिली. १८७६ मध्ये जन्मलेले संत गाडगेबाबा चिंध्या जोडून केलेले वस्त्र अंगावर घालीत आणि मातीचे गाडगे जवळ बाळगीत. त्यांच्या नावाने राज्यात २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. टाकून दिलेली वस्तू तुच्छ नसते, ही शिकवण त्यांच्या वेशातच होती.

तीन प्रश्न

गोधडी करणारी स्त्री मनातल्या मनात जे प्रश्न सोडविते तेच कोणत्याही घरगुती हस्तकलेचे प्रश्न होत. पहिला प्रश्न : या वस्तूत अजून काय शिल्लक आहे? दुसरा : घरात, शाळेत वा गावात कशाची उणीव आहे? तिसरा : या दोहोंचा सांधा कमीत कमी खर्चात कसा जुळेल? हे प्रश्न रोज विचारले तर प्रेरणेसाठी वेगळे काही शोधावे लागत नाही.

साडीचेच उदाहरण घ्या. आज घरोघरी कृत्रिम धाग्यांच्या साड्या अधिक असतात. त्या घाम शोषीत नाहीत, थर सरकतात आणि विस्तवाजवळ वितळतात. दुपट्यासाठी त्या अयोग्यच. म्हणून त्या निरुपयोगी ठरत नाहीत. त्यांचा शिल्लक गुण मऊपणा नसून बळकटपणा हा आहे. चार बोटे रुंदीच्या लांब पट्ट्या कापून त्यांची तीनपदरी वेणी घालावी आणि ती वेणी गोल किंवा लांबट गुंडाळत शिवत न्यावी. दारात घालण्याजोगे, लवकर वाळणारे पायपुसणे तयार होते. याच कापडाच्या बाजारपिशव्या वजन चांगले पेलतात. राज्यात २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घालण्यात आली, तेव्हापासून अशा पिशव्यांची गरज अधिकच वाढली आहे.

कागद, करवंटी आणि काडी

रद्दी कागदाच्या लगद्याच्या टोपल्या करण्याची रीत अनेक जुन्या घरांत होती. कागदाचे लहान तुकडे दोन-तीन दिवस पाण्यात भिजत ठेवावेत, नंतर पाणी पिळून ते उखळात किंवा पाट्यावर बारीक करावेत. भिजवून वाटलेली मेथी त्यात मिसळली म्हणजे तिच्या चिकटपणामुळे लगदा घट्ट धरतो. पालथ्या भांड्यावर ओले फडके पसरून त्यावर हा लगदा सारख्या जाडीने थापावा आणि पूर्ण वाळल्यावर भांड्यावरून उतरवावा. आतून-बाहेरून साधा कागद किंवा कापड डकविले की टोपली तयार होते. लसूण, शेंगा, सुया-दोरे, खडू ठेवण्यास ती उत्तम. मात्र छापील कागदाला शाई असते, म्हणून शिजविलेले किंवा ओले अन्न तीत ठेवू नये.

नारळाच्या करवंटीत कठीणपणा, गोलाई आणि पाणी न शोषण्याचा गुण असतो. बांबूची दांडी बसवून केलेली करवंटीची पळी कोकणात परिचित आहे. पॉलिश पेपरने घासून थोडे खोबरेल चोळले की करवंटीला सुरेख तकाकी येते. लग्नपत्रिकांचा जाड कागद प्रत्येक घरी साठतो. त्याच्या कोऱ्या बाजूवर पहिलीच्या वर्गासाठी अक्षरकार्डे आणि शब्दपट्ट्या करता येतात, आणि त्या विकतच्या पट्ट्यांपेक्षा कमी टिकत नाहीत.

आगपेटीच्या काडीचे उदाहरण शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे. श्री. अरविंद गुप्ता यांनी काड्या आणि सायकलच्या वाल्व्हची रबरी नळी यांच्या साहाय्याने भूमितीच्या आकृत्या जोडण्याची युक्ती लोकप्रिय केली. गूल काढून टाकलेल्या काड्या नळीच्या लहान तुकड्यांनी जोडून त्रिकोण केला तर तो दाबूनही आकार बदलत नाही. चौकोन मात्र लगेच कलतो. पुलाच्या आणि छपराच्या कैच्यांत त्रिकोण का असतात, हे मुलाला बोटांनीच कळते. पुण्याच्या ‘आयुका’तील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे अशी खेळणी मुलांकडून करवून घेतली. २०१८ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ देऊन गौरविण्यात आले.

शाळेतील तास

हातांनी काम करीत शिकावे हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी उद्योगाला शिक्षणाचे केंद्र मानणारी योजना मांडली. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभवा’चा पुरस्कार केला. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ ही कल्पना मांडली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना शाळेत येऊन स्थानिक कारागिरांकडून काम शिकावे, अशी शिफारस आहे. ‘समाजोपयोगी’ आणि ‘उत्पादक’ हे दोन शब्द मात्र प्रत्यक्ष तासात अनेकदा हरवतात. वस्तू सुबक झाली की नाही हे पाहिले जाते. ती कोणाच्या उपयोगी पडली, हे विचारले जात नाही.

शिक्षकांना यासाठी काही साध्या गोष्टी करता येतील. कार्यानुभवाच्या तासासाठी सुई-दोरा आणि खळ यांपलीकडे काही विकत आणावयाचे नाही, असा दंडक घालावा. कात्री ज्याची त्याची नसली तरी चालेल, शाळेच्या चार पुरतात. प्रत्येक मुलाने प्रथम घरातील किंवा वर्गातील एक उणीव वहीत लिहावी आणि मगच वस्तू निवडावी. गावातील एखाद्या आजीबाईंना वर्गात सन्मानाने बोलावून धावदोरा शिकविण्याची विनंती करावी. ज्यांना अक्षरओळख नाही त्याही शिक्षक होऊ शकतात, हे मुलांना यातून उमगते. सुई मुलींच्याच हाती न देता मुलांच्याही हाती द्यावी. आणि गुण देताना घाई करू नये. तीन महिन्यांनंतर ती वस्तू वापरात आहे काय हे पाहून काही गुण राखून ठेवावेत. प्रदर्शनापुरत्या वस्तूंचा सोस यामुळे आपोआप कमी होईल.

आवश्यक दक्षता

उत्साहाच्या भरात एक गोष्ट विसरता कामा नये. प्रत्येक टाकाऊ वस्तू पुन्हा वापरण्याजोगी नसते. शेतीच्या औषधांचे डबे आणि बाटल्या दिसावयास आकर्षक व भक्कम असतात. परंतु कितीही धुतले तरी त्यांतील विषाचा अंश जाईल याची खात्री देता येत नाही. कीटकनाशक नियम, १९७१ यांनीही असे रिकामे डबे पुन्हा वापरले जाऊ नयेत म्हणून ते फोडून वस्तीपासून दूर पुरावेत, अशी तरतूद केली. पाण्यासाठी, धान्यासाठी किंवा मुलांच्या खेळण्यांसाठी ते कदापि घेऊ नयेत. रंगाचे डबे, बॅटरीचे सेल, फुटलेल्या नळकांडी दिव्यांच्या काचा, दवाखान्यातील सुया व नळ्या यांनाही हाच नियम लागू समजावा. घरातील कापडही धुऊन, उन्हात वाळवूनच मुलांच्या हाती द्यावे.

ग्रामपंचायतींचे कार्य

ग्रामपंचायतीने घरोघरचा कचरा गोळा करतानाच स्वच्छ सुती कापड, जाड कागद आणि करवंट्या वेगळ्या ठेवण्याची सोय केली तर शाळा आणि महिला बचत गट यांना कच्चा माल गावातच मिळेल. एकदा चिखलात मिसळलेले कापड मात्र कोणाच्याच कामाचे राहत नाही. ग्रामसभेच्या नोटिसा, अंगणवाडीतील सतरंज्या, सभागृहातील आसने, बाजारपिशव्या अशा गावाच्या स्वतःच्या गरजा प्रथम हाती घ्याव्यात. बाहेरच्या विक्रीचा विचार त्यानंतर करावा. विक्री करताना कापड जुने म्हणून किंमत नगण्य धरू नये. एका गोधडीत कित्येक दिवसांचे हातकाम असते; त्या दिवसांची मजुरी हिशेबात धरूनच किंमत ठरवावी, अन्यथा ‘फुकटच्या’ कापडाबरोबर बाईचे श्रमही फुकट जातात.

अधिकाऱ्यांना या संदर्भात चंदीगडचा दाखला उपयुक्त वाटेल. तेथील बांधकाम खात्यातील रस्ते निरीक्षक नेकचंद यांनी १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून सरकारी जागेत कोणास न सांगता फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि फरशांचे तुकडे वापरून शेकडो मूर्ती उभ्या केल्या. प्रकार उघडकीस आला तेव्हा नियमाप्रमाणे ते काम पाडता आले असते. प्रशासनाने ते राखले, १९७६ मध्ये ते उद्यान जनतेसाठी खुले केले आणि नेकचंद यांच्यावरच त्याची जबाबदारी सोपविली. कचऱ्यात कला पाहणारा माणूस जसा लागतो, तसाच ती कला ओळखून तिला जागा देणारा अधिकारीही लागतो.

आपल्या प्रत्येक गावात धावदोरा जाणणारे काही हात अद्याप आहेत. ते हात थकण्यापूर्वी त्यांची विद्या पुढील पिढीच्या हाती जावयास हवी, कारण ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात पूर्णपणे उतरविता येत नाही. यासाठी अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या कार्यानुभवाच्या तासाला एक धुतलेले जुने लुगडे, चार सुया आणि गावातील एक आजीबाई एवढी सामग्री आरंभास पुरेशी आहे.