पाणी आणि पानी

वर्गात एखादा मुलगा ‘गुरुजी, पानी पिऊन येऊ?’ असे म्हणाला की खसखस पिकते. गुरुजी त्याच्याकडून दोनदा ‘पाणी’ म्हणवून घेतात. तिसऱ्या वेळी तहान लागली तरी तो हात वर करीत नाही. प्रश्न निव्वळ व्याकरणाचा असता तर तो पंडितांवर सोपवता आला असता. पण इथे एका मुलाचे बोलणे बंद होते.

आता या शब्दाची वंशावळ पाहा. संस्कृतात तो ‘पानीय’ असा आहे, म्हणजे मुळात ‘न’च आहे. पुढे महाराष्ट्री प्राकृताने ‘न’चा सरसकट ‘ण’ केला. वररुचीच्या ‘प्राकृतप्रकाशा’त तसा नियमच दिलेला आहे. तेव्हा संस्कृताच्या काट्यावर तोलले तर बिघडलेला शब्द आपला ‘पाणी’ ठरेल! गुजराती माणूस ‘पाणी’ म्हणतो, हिंदी माणूस ‘पानी’ म्हणतो, आणि आपापल्या घरी दोघेही शुद्धच. हिंदी पाहुण्याच्या ‘पानी’ला आपण हसत नाही, वऱ्हाडातल्या किंवा आगरी वस्तीतल्या पोराच्या ‘पानी’ला हसतो. मग हसू येते ते उच्चाराचे की उच्चारणाऱ्याचे?

बरे, या बोली मनास येईल तशा चालतात असेही नाही. वऱ्हाडात ‘काळा’चा ‘काया’ होतो, तसाच ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. खानदेशात अहिराणीतही ‘ळ’च्या जागी ‘य’ ऐकू येतो. आगरी बोलीत ‘घोडा’चा ‘घोरा’ होतो. खेड्यातल्या म्हातारीचे ‘ठेसन’ घ्या. शब्दारंभीचे जोडाक्षर तिच्या जिभेला मानवत नाही, म्हणून ती ‘स’ गाळते आणि ‘ठ’ ठेवते. संस्कृत ‘स्थान’ शब्दाचे प्राकृतात ‘ठाण’ झाले ते याच वाटेने, आणि त्यातूनच आपले ‘ठाणे’ आले. ‘ठाणे’ म्हणताना कोणी लाजत नाही.

आणि आपण शहरातले सुशिक्षित तरी काय करतो? ‘ब्राह्मण’ लिहितो आणि ‘ब्राम्हण’ म्हणतो; ‘जिह्वा’ची ‘जिव्हा’ करतो. ‘चिह्न’चे ‘चिन्ह’ तर कोशात जाऊन बसले. ‘ज्ञ’मध्ये ‘द’ नाही, तरी आपण ‘द्न्यान’ म्हणतो आणि हिंदीवाल्यांच्या ‘ग्यान’ला नाके मुरडतो. ‘ष’ आणि ‘श’ यांतला भेद तर कागदावरच उरला आहे.

मग चुकीचा उच्चार असा नसतोच का? असतो, पण तो शोधायचा तर बोलींत नव्हे, लिपीच्या आडोशाला शोधावा. आपले ‘च’ आणि ‘ज’ हे प्रत्येकी दोन ध्वनी आहेत, अक्षर मात्र एकच. ‘चार’मधला ‘च’ टाळूवरचा, गुरांच्या ‘चाऱ्या’तला दातांमागचा. ‘हे जग’ म्हणताना जीभ टाळूकडे जाते, ‘सुखाने जग’ म्हणताना दातांकडे येते. ‘जरा थांबा’मधला ‘जरा’ निराळा आणि म्हातारपणाची ‘जरा’ निराळी. इथे उच्चार चुकला तर अर्थालाच धक्का बसतो. आज मराठी केवळ पुस्तकातून शिकणारी, किंवा इंग्रजी शाळेत जाणारी, पुष्कळ मुले ‘चाक’ आणि ‘चूल’ हे शब्द ‘चिमणी’तल्या ‘च’ने म्हणतात, आणि याला मात्र कोणी हसत नाही!

मुलांना सांगता येईल अशी एक ढोबळ खूण आहे. इ, ए किंवा य पुढे आला की जीभ टाळूकडे ओढली जाते: ‘खर्च’ पण ‘खर्चिक’, ‘माझा’ पण ‘माझी’. ‘चिंच’ या एका शब्दात तर दोन्ही ‘च’ आहेत. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बहुधा टाळूचेच राहतात, म्हणून ‘पंच’ एका तऱ्हेचा आणि ‘पाच’ दुसऱ्या. ‘चार’ आणि ‘चहा’ मात्र या खुणेला दाद देत नाहीत. ते कानानेच उचलावे लागतात.