पंख्याचे तोंड कुणीकडे?

एप्रिलच्या अखेरीची गोष्ट. संध्याकाळचा दवाखाना नुकताच उघडला होता. जालना एमआयडीसीतल्या एका पोलाद कारखान्यातून दोघे जण आपल्या सोबत्याला धरून घेऊन आले. वय तिशीच्या आतबाहेर. पोटऱ्यांत गोळे आलेले, डोके गरगरत होते, सदऱ्यावर वाळलेल्या घामाचे पांढरे डाग. ताप नव्हता, शुद्ध शाबूत होती. मीठ-साखरेचे पाणी घोट घोट पाजले, पंख्याखाली निजवले, तेव्हा तासाभराने गडी बोलता झाला.

"साहेब, गरमी होते म्हणून मालकानं मोठा पंखा दिला. फुल्ल करून ठेवलाय. तरी अंगाची आग होते. पंखा आल्यापासून जास्तच!"

हे वाक्य माझ्या मनातून जाईना. मालकांची परवानगी काढून मी ती जागा पाहून आलो. भंगार वितळवणारी भट्टी, आत सुमारे 1600 अंश सेल्सिअस तापलेला रस. पंखा खरोखरच दणकट होता. पण त्याची पाठ भट्टीकडे आणि तोंड कामगाराकडे! भट्टीवरची तापलेली हवा ओढायची आणि माणसाच्या अंगावर फेकायची, हेच काम तो इमानेइतबारे करीत होता.

वाचकहो, पंखा हवा थंड करीत नाही, तो ती फक्त हलवतो. आपल्या त्वचेचे तापमान साधारण 35 अंश असते. हवा त्याहून थंड असेल तर वारा अंगातली उष्णता नेतो. हवा अधिक तापलेली असेल तर तोच वारा उष्णता अंगात घालतो. मग तारून नेतो तो घाम; पण पाणी पोटात गेले नाही तर घाम तरी कुठून येणार?

1775 साली चार्ल्स ब्लॅग्डेन या इंग्रज डॉक्टराने उकळत्या पाण्याहूनही जास्त तापवलेल्या खोलीतील प्रयोगांची हकिगत प्रसिद्ध केली. त्या खोलीत मांसाचा एक तुकडा 33 मिनिटांत जरा जास्तच शिजला. दुसऱ्या तुकड्यावर भात्याने वारा घातला, तर तो 13 मिनिटांतच बहुतेक शिजला. गरम वाऱ्याची करामत ही अशी!

आम्ही पंखा उचलून बाहेरच्या झरोक्यापाशी, सावलीत ठेवला. बाहेरची हवा कामगाराच्या बाजूने, किंचित पाठीमागून येईल असा तिरका केला. भट्टीची थेट धग मात्र वाऱ्याने अडत नाही. उन्हात उभ्या माणसाला वारा लागला म्हणून ऊन थांबते का? तिच्यासाठी मध्ये पत्र्याचा आडोसाच हवा. मालकांनी तो लावून दिला. आठवड्याने तो गडी मुद्दाम सांगायला आला, "आता जरा जीवात जीव आला, साहेब."

भट्टीवर काम करणाऱ्यांनी आणखी काही गोष्टी पाळाव्यात. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे. घाम फार जात असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते प्यावे. रक्तदाब, मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. अंगावर पाणी घ्यायचे ते विसाव्याच्या जागी. वितळलेल्या धातूजवळ पाणी नेऊ नये, स्फोट होतो. नव्या माणसाला, तसेच सणासुदीला गावी जाऊन परतलेल्या माणसाला, पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी भट्टीवर उभे करू नये. उष्णतेची सवय लागायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि ती मोडते मात्र लवकर.

हाच नियम घरालाही लागू आहे. पत्र्याच्या घरात भर दुपारी पंखा जोरात सोडला की वरची तापलेली हवाच खाली येते. जागतिक आरोग्य संघटनेचाही सल्ला असा, की तापमान 40 अंशांच्या वर गेल्यावर पंख्यावर विसंबू नये. अशा वेळी खिडक्या-पडदे लावून ऊन अडवावे, अंग ओल्या फडक्याने पुसावे. रात्री बाहेरची हवा निवली की खिडक्या उघडून टेबलफॅन खिडकीपाशी, तोंड आत करून ठेवावा. कूलर लावलात तर समोरची एक खिडकी किलकिली असू द्यावी. नाहीतर खोलीत दमटपणा साचतो आणि घाम वाळत नाही.

उन्हात वा भट्टीवर काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, बेशुद्ध पडला किंवा अंग चटका बसावा इतके तापले, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरी गाफील राहू नये. 108 वर फोन करावा आणि गाडी येईपर्यंत सावलीत नेऊन, कपडे सैल करून, अंगावर भरपूर गार पाणी ओतून वारा घालावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते.

'जालना सोने का पालना' असे आपण अभिमानाने म्हणतो. आज हा पाळणा हलवणारे हात भट्टीसमोर उभे आहेत. त्यांच्यासाठी पंखा घेतलात, फार चांगले केलेत. आता एकदा जाऊन त्याचे तोंड कुणीकडे आहे, तेवढे पाहून या.