घरात आम्ही, सौदा दुसऱ्याचा!

सुरत-नागपूर महामार्गाने धुळे आणि जळगाव ही दोन्ही शहरे जोडली आहेत. अशा रस्त्यालगतच्या वस्तीत रुंदीकरणाची नुसती कुणकुण लागली की दलालाच्या चकरा सुरू होतात. घरात कुणाचे लग्न असते, कुणाचा दवाखाना असतो. नेमकी तीच वेळ तो साधतो.

समजा, घराचा सौदा १० लाखांत ठरला. दलाल ५१ हजार इसार देतो आणि स्टॅम्प पेपरवर सौदापावती लिहून घेतो. 'खरेदीखत आम्ही सांगू त्याच्या नावे करून द्यावे' ही ओळ तिच्यात हळूच घातलेली असते. सगळी मेख इथेच आहे! मालकाची चूल अजून त्याच घरात पेटते आणि दलाल तीच पावती दाखवून १५ लाखांचे गिऱ्हाईक शोधतो. मिळाले तर मधले पाच लाख त्याचे. नाही मिळाले तर मुदतीवर मुदत. घर आमचे, अडचण आमची आणि नफा मात्र त्याचा! हा कुठला न्याय?

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५४ सांगते की, विक्रीच्या नुसत्या कराराने मालकी जात नाही. पण म्हणून बेफिकीर राहून चालणार नाही. १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टप्रमाणे दलालाने ज्याला करार दिला, तोही कोर्टात खरेदीखत मागू शकतो. करारातच तशी मनाई असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय २०१८ च्या दुरुस्तीने अशा दाव्यात न्यायालयाच्या मर्जीला फारशी जागा ठेवलेली नाही. घर महार वतनाच्या जागेवर असेल तर १९५८ च्या वतन निर्मूलन कायद्याची अट पाहिलीच पाहिजे. वतनदाराला परत मिळालेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. 'परवानगीचे आम्ही बघतो' म्हणणारा आधी भाव पाडतो, हे ध्यानात ठेवा.

म्हणून बांधवांनो, आमचे सांगणे एवढेच. पावतीवर खऱ्या खरेदीदाराचे नाव आणि पक्की मुदत लिहून घ्या. 'हा करार दुसऱ्याला देता येणार नाही' ही ओळ घातल्याशिवाय सही करू नका. मुखत्यारपत्र देऊ नका, पूर्ण रक्कम हाती येईपर्यंत ताबा सोडू नका. कागद आधी वस्तीतल्या शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्या, मग वकिलाला दाखवा.

बाबासाहेब १९३७ साली वकील म्हणून धुळ्याच्या कोर्टात आले होते. त्यांच्या लेकरांनी न वाचता अंगठा उठवावा काय?