जुलाब थांबले, तरी पायांत बळ का नाही?

पावसाळ्यात विहिरींचे, नळांचे पाणी गढूळ झाले की जुलाब-उलट्यांची साथ येते. दोन-तीन दिवसांत पोट सावरते, घरचे निर्धास्त होतात. पण काही रोग्यांना त्यानंतरही जिना चढवत नाही, खाली बसल्यावर उठवत नाही, पोटऱ्यांत गोळे येतात. मराठीत आपण त्याला 'अशक्तपणा' म्हणतो, कन्नडमध्ये 'सुस्तु', आणि विषय तिथेच संपवतो. या अशक्तपणामागे पुष्कळदा पोटॅशियमची कमतरता असते.

शरीरातले सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. स्नायू आखडणे-सैलावणे त्याच्यावरच चालते. रक्तात त्याचे प्रमाण लिटरमागे साधारण ३.५ ते ५ मिलिमोल असावे लागते. आतड्याला जंतुसंसर्ग झाला की जुलाबांवाटे ते वाहून जाते. प्रमाण २.५ च्या खाली गेले तर पाय लुळे पडतात, आतड्याची हालचाल मंदावून पोट फुगते, हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या वडीलधाऱ्यांना हा धोका अधिक.

घरोघरी केले जाणारे मीठ-साखरेचे पाणी उपयोगी खरेच, पण त्यात पोटॅशियम जवळजवळ नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या सूत्रानुसार एक लिटरच्या ओआरएसमध्ये १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड असते. म्हणून पुडीच आणावी. ती पुडीवर लिहिलेल्या मापाच्या उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवावी आणि २४ तासांत संपवावी. जोडीला शहाळे म्हणजेच आपले 'एळनीरु', केळे, ताकातली पेज द्यावी. जुलाबात उपास घडवू नये.

'डॉक्टर, एक सलाईन लावा' असा हट्टही धरू नये. साध्या सलाईनमध्ये पोटॅशियम नसते, आणि नुसत्या ग्लुकोजने रक्तातले उरलेसुरले पोटॅशियम पेशींत शिरून पातळी आणखी खाली येऊ शकते. त्यापेक्षा रक्ततपासणी करायची का, हे विचारावे. पोटॅशियमची औषधे मात्र मनाने घेऊ नयेत. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी शहाळे, केळेही डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, कारण त्यांच्या बाबतीत जादा पोटॅशियम तितकेच घातक.

हात-पाय उचलेनात, छातीत धडधडू लागले, श्वास अपुरा पडला किंवा लघवी बंद झाली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. जुलाब थांबले म्हणजे आजार संपला असे नव्हे; रोगी आपल्या पायांवर नीट चालू लागेपर्यंत घरच्यांनी लक्ष ठेवलेच पाहिजे.