मक्याच्या पोंग्यातली अळी आणि उष्णतेचा हिशेब

सप्टेंबर २०१८ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या तांदुळवाडीत मक्याच्या पोंग्यात एक अनोळखी अळी सापडली. डोक्यावर उलटा इंग्रजी 'वाय', शेपटीकडे चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके. स्पोडोप्टेरा फ्रुजीपर्डा, म्हणजे अमेरिकन लष्करी अळी. महाराष्ट्रातल्या तिच्या अगदी पहिल्या नोंदींपैकी ही एक. मूळची अमेरिका खंडातली ही कीड २०१६ मध्ये आफ्रिकेत दिसली, मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याला आढळली आणि चारच महिन्यांत माळशिरस तालुक्यात येऊन ठेपली. तिच्या पतंगाला एका रात्रीत शंभर किलोमीटरचा पल्ला जड नाही.

नातेपुते, माळशिरस, सांगोला या पट्ट्यात मका नुसता दाण्यासाठी होत नाही. दुभत्या जनावरांची हिरवी वैरण आणि मुरघास त्याच्यावरच चालतो. अळीने पोंगा खाल्ला की नुकसान कणसापुरते थांबत नाही, गोठ्यापर्यंत जाते.

तांदुळवाडीत ही अळी दिसली त्याच्या थोडे आधी, २०१८ च्या ऑगस्टअखेर, 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. पृथ्वीचे सरासरी तापमान एका अंशाने वाढले, तर भात, गहू आणि मका या तीन पिकांचे किडींमुळे होणारे नुकसान दहा ते पंचवीस टक्क्यांनी वाढेल, असा त्याचा निष्कर्ष. कारण समजायला सोपे आहे. किडीला स्वतःची उष्णता निर्माण करता येत नाही. भोवतालचा पारा चढला की तिचे शरीर वेगाने चालते, भूक वाढते आणि पिढी लवकर पुरी होते.

हा वेग मोजता येतो. सुमारे साडेबारा अंशांखाली लष्करी अळीची वाढ जवळजवळ थांबते. त्याच्या वर दिवसाचे सरासरी तापमान जितके अंश असेल, तितके अंश तिच्या खात्यावर जमा होतात, बँकेत रोजची रक्कम भरावी तसे. अंड्यापासून पतंगापर्यंतच्या प्रवासाला असे सुमारे ३९० 'अंश-दिवस' लागतात. सरासरी २८ अंशांना तो २५ दिवसांत पुरा होतो, २५ अंशांना ३१ दिवसांत, तर २२ अंशांना ४१ दिवसांत.

रब्बीच्या मक्याला हा हिशेब लावून बघा. २२ अंशांच्या थंडीत ११० दिवसांच्या पिकावर दोन पिढ्या पुऱ्या होतात आणि तिसरी अर्धवट राहते. तीच थंडी एका अंशाने ऊबदार झाली, तर पिढी ३७ दिवसांची होते आणि त्याच पिकात तिसरी पिढीही जवळपास पुरी होऊन जाते. एक मादी दीड-दोन हजारांपर्यंत अंडी घालते. म्हणून 'यंदा थंडी पडलीच नाही' हे वाक्य शेतकऱ्याच्या तोंडी आले की कीटकशास्त्रज्ञाने कान टवकारले पाहिजेत. अर्थात उष्णता अळीच्या बाजूने अमर्याद नाही. पारा पस्तिशीच्या वर टिकून राहिला की तिलाही ते सोसत नाही.

पावसाचे गणित वेगळे. जोरदार सर आली तर नुकत्या जन्मलेल्या अळ्या पानावरून धुऊन जातात, काही पोंग्यात साठलेल्या पाण्यात मरतात. उलट पावसात खंड पडला की अळीचे फावते. पाऊस थोड्या दिवसांत धो धो पडतो आणि मधले आठवडे कोरडे जातात, हा अनुभव आता नवा राहिलेला नाही. आणि ते कोरडे आठवडे अळीला धार्जिणे असतात.

उसातल्या हुमणीचे घड्याळ तर उन्हावर नाही, वळवावर लावलेले आहे. पहिल्या वळवाने जमीन भिजली की भुंगेरे बाहेर पडतात, संध्याकाळी कडुनिंबावर आणि बाभळीवर जमतात, मग मादी जमिनीत अंडी घालते. हुमणीची वर्षाला एकच पिढी, त्यामुळे झाडे हलवून भुंगेरे गोळा करण्याचे ते मोजके दिवस सोन्यासारखे असतात. वळीव लवकर आला किंवा तुटक पडला, तर भुंगेरेही टप्प्याटप्प्याने निघतात आणि ते दिवस हातचे जातात. डाळिंबाचीही तीच तऱ्हा. पावसाळी दमटपणात बळावणारा तेल्या रोग चुकवायचा म्हणून हस्त बहार धरायचा, तर २०१९ आणि २०२० चा ऑक्टोबरच पावसात भिजून गेला.

इतके सगळे बदलले, पण फवारणीची सवय मात्र कायम आहे. पेरणीनंतर इतक्या दिवसांनी पहिला फवारा, मग दर पंधरवड्याला एक. लष्करी अळीपुढे हे वेळापत्रक निरुपयोगी आहे. पहिल्या काही दिवसांत ती पानाचा हिरवा थर खरवडते, तेव्हा पानावर पांढुरके, पारदर्शक डाग दिसतात. तेव्हाच ती औषधाच्या टप्प्यात असते. पुढे ती पोंग्यात शिरते आणि भुशासारख्या विष्ठेचा बूच वर बसवते. तिथे फवारा पोचत नाही. शेतकऱ्याला भगदाडे दिसतात ती याच वेळी, म्हणजे उशिरा. मग तो औषधाची मात्रा वाढवतो, दोन औषधे मिसळतो. अळी वाचते, तिला खाणारे कीटक मात्र मरतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसे दगावली. पंप पाठीवर घेणारा बहुतेकदा मजूर असतो, त्याच्या जिवाची किंमत फवारणीच्या खर्चात कोणी धरत नाही. ती धरली पाहिजे.

याच साखरपट्ट्याने औषधाविना एक मोठी कीड आटोक्यात आणलेली आहे, ही गोष्ट आपण फार लवकर विसरलो. २००२ मध्ये सांगली भागात उसावर लोकरी मावा आला. पानांच्या खालच्या बाजूस पांढऱ्या लोकरीसारखा थर, वर चिकट गोड स्राव, त्यावर काळी बुरशी. दोनेक वर्षांत महाराष्ट्र आणि कर्नाटकातला ऊस त्याने व्यापला. दहा-बारा फूट वाढलेल्या उसात पंप घेऊन शिरणार कोण? तेव्हा शास्त्रज्ञांचे लक्ष माव्यावर जगणाऱ्या किड्यांकडे गेले. डिफा हा पतंगच, पण त्याची अळी मांसाहारी. ती लोकरी मावा फस्त करते. मायक्रोमसच्या अळ्याही तेच करतात. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, बंगळूरचे जैविक कीड नियंत्रणाचे केंद्र आणि साखर कारखाने यांनी शेडनेटमध्ये हे मित्रकीटक वाढवले आणि शेतोशेती सोडले. आसामातून एनकार्शिया नावाची चिमुकली परोपजीवी माशी आणून इथे रुजवली. लोकरी मावा नामशेष झाला नाही, अधूनमधून दिसतो. पण त्याची दहशत गेली. जिथे औषध फवारले गेले नाही तिथे मित्रकीटक टिकले, हा त्यातला मुख्य धडा होता.

लष्करी अळीलाही असे शत्रू आहेत. ट्रायकोग्रामा ही अर्ध्या मिलिमीटरची माशी दुसऱ्या कीटकांच्या अंड्यांतच आपले अंडे घालते, त्यामुळे अळी जन्मतच नाही. अडचण एवढीच की लष्करी अळीची मादी अंडीपुंज थरांत घालते आणि त्यावर केसांचे पांघरूण घालते. ट्रायकोग्रामा वरच्या थरापुरती पोचते. टेलेनोमस रेमस ही तशीच दुसरी माशी मात्र खालच्या थरापर्यंत जाते. ती १९६३ मध्ये न्यू गिनीतून दुसऱ्या एका स्पोडोप्टेरासाठी भारतात आणली होती. पावसाळी दमट हवेत मेटारायझियम रायलेयी ही बुरशी अळ्यांना धरते, पानाला चिकटलेल्या ताठ मेलेल्या अळ्या तिच्या खुणा. कोरड्या हवेत मात्र बुरशी चालत नाही, म्हणून ती संध्याकाळी आणि ओल असताना फवारायची. टी आकाराचे पक्षीथांबे लावले तर कोतवाल आणि साळुंक्या उरलेले काम करतात; कणसे भरू लागली की थांबे काढायचे.

आणि मोजायचे. एकरी पाच कामगंध सापळे लावून पतंग कधी आले ते टिपायचे. शेतात पाच ठिकाणी वीस-वीस रोपे पाहायची. शंभरात पाच रोपांवर पांढुरके डाग दिसले तर निंबोळी अर्क, त्याआधी काही नाही. रासायनिक औषध लागलेच तर ते शेवटी, शिफारशीच्या मात्रेत आणि पोंग्यात नेमके. राज्यात २००९-१० पासून क्रॉपसॅप प्रकल्पाखाली कीड-सर्वेक्षण चालते. त्यातला आकडा मोठ्या क्षेत्राचा असतो, आपल्या बांधावरचा आकडा आपणच काढायचा.

तरीही एकट्याच्या शेतात हे फार पुढे जात नाही. एकाने जूनमध्ये, दुसऱ्याने जुलैत, तिसऱ्याने ऑगस्टमध्ये मका पेरला की पतंगाला शिवारात कायम कोवळे पीक मिळते. गावाने पेरणी आठ-दहा दिवसांच्या आत उरकली आणि त्याआधी खोल नांगरट करून कोष उन्हात उघडे पाडले, तर पहिल्या पिढीलाच वाव कमी राहतो.

ट्रायकोग्रामा शेतात सोडण्यासाठीच्या ट्रायकोकार्डाचेही तसेच आहे. एका कार्डावर सुमारे वीस हजार परोपजीवीग्रस्त अंडी असतात आणि माशा बाहेर पडण्याआधी, म्हणजे मोजक्या दिवसांत, ते कार्ड पानाखाली टाचले गेले पाहिजे. लांबच्या शहरातून मागवून हे जमत नाही. माळशिरस तालुक्यात सदाशिवनगर आणि अकलूजला सहकारी साखर कारखाने आहेत, ऊस विकासाचे कर्मचारी गावोगाव फिरतात. मका हे त्यांचे पीक नाही, पण २०१८ मध्ये महाराष्ट्रात हीच अळी उसावरही उतरली होती. डिफासाठी शेडनेट उभारणाऱ्या साखर उद्योगाने आता ट्रायकोग्रामा आणि टेलेनोमस वाढवायला घ्यावेत, आणि सापळ्यांतले आकडे गटकार्यालयाच्या फळ्यावर दर आठवड्याला लिहावेत.