सुतळी घेऊन या, मग पट्टा बघू

सांगलीच्या पेठेत आमचं दोरखंडाचं दुकान आहे. दावी, कासरे, म्होरक्या, बेंदराच्या आधी गोंडे आणि घुंगरमाळा. सासऱ्यांच्या काळात कुत्र्याचा पट्टा म्हणजे एकच प्रकार होता: लाल चामडं, पितळी बक्कल. आता बैल कमी झाले आणि अर्धी भिंत कुत्र्यांनी घेतली. नायलॉनचे, सुती नवारीचे, चमकीचे, खिळ्यांचे, छातीवरून घालायचे. गिऱ्हाईक भिंतीकडं बघून रंग निवडतं, मी विचारते, "गळा किती?" मग कळतं की कुत्रं घरी आहे आणि गळा कुणी मोजलेलाच नाही.

"लॅब्रेडॉर आहे, काकू" एवढ्यावर पट्टा देणं म्हणजे "माणूस उंच आहे" एवढ्यावर शर्ट शिवण्यासारखं. दोन महिन्यांच्या लॅब्रेडॉर पिल्लाचा गळा साधारण १० इंच, आणि वर्ष-दीड वर्षात तोच १८-२० वर जातो. म्हणून मी गिऱ्हाइकाला सुतळीचा हातभर तुकडा देऊन परत पाठवते. कुत्रं उभं असताना सुतळी मानेभोवती फिरवायची, केस बाजूला सारून कातडीला टेकवायची, जिथं टोक जुळतं तिथं गाठ मारायची. ओढायची नाही आणि लोंबूही द्यायची नाही. गाठ फुटपट्टीवर धरली की पुढचं काम माझं.

पट्टा बसवल्यावर त्याच्याखाली दोन बोटं आडवी सरकली पाहिजेत. मूठभर पिल्लाला एक बोट पुरे. मग पट्टा धरून हलकेच कानांकडं ओढून बघायचा. कानांवरून निघून आला, तर तो ऐन रस्त्यात, फटाका वाजल्यावरही निघणार. "वाढतं अंग आहे, मोठाच द्या" म्हणणाऱ्यांशी माझं रोज वाजतं. सैल पट्ट्यात पिल्लू खालचा जबडा अडकवून घेतं, नाहीतर खाजवताना मागचा पाय. पिल्लाला अर्ध्या-पाऊण इंचाचा, हलका, स्वस्तातला पट्टा घ्या, कारण तो ते चावून खाणारच आहे. दर रविवारी बोटं घालून बघा. महागातला घ्यायची हौस कुत्रं वाढून झाल्यावर भागवा.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक जत-आटपाडीकडचं, कारवानीवालं. याच जातीला मुधोळ हाउंड म्हणतात. मुधोळ इथून फार लांब नाही, आणि २००५ साली टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात हे कुत्रं होतं. त्याचं डोकं निमुळतं आणि मान भरलेली, त्यामुळं साधा पट्टा त्याच्या गळ्यात राहतो तो केवळ त्याच्या मर्जीनं. चार पावलं मागं सरकलं, मान खाली घातली, की पट्टा मालकाच्या हातात आणि कुत्रं ज्वारीच्या रानात. आवळून बांधला तर गळ्यावर चट्टा पडतो, कारण त्याचे केस आखूड आणि कातडी पातळ.

त्याला दोन फेऱ्यांचा पट्टा लागतो. मोठा फेरा मानेभोवती, त्याच्या दोन टोकांच्या कड्यांतून ओवलेला एक लहान फेरा, आणि साखळी त्या लहान फेऱ्याला. कुत्र्यानं हिसका दिला की लहान फेरा कड्या जवळ आणतो आणि मोठा फेरा कानांमागं बसतो. कड्या एकमेकींना टेकल्या की आवळणं थांबतं. डोकं अडेल आणि गळा मोकळा राहील, एवढ्या बेतानं ते माप काढावं लागतं. मी तो कोल्हापुरी चपला शिवणाऱ्या कारागिराकडून करून घेते, मध्ये दोन इंच रुंद आणि टोकांना निमुळता, म्हणजे ओढ आली तरी दाब पसरतो. गळफासाची साखळी मात्र आवळायला लागली की तिला थांबायची जागाच नाही. ती मी विकायला ठेवत नाही. समोरच्या दुकानात मिळते.

बैलांच्या दुकानात आयुष्य गेलं म्हणून एक गोष्ट मला लगेच दिसते. बैलाच्या गळ्यात दावं असतं, पण गाडी तो दाव्यानं ओढत नाही. जू खांद्यावर, वशिंडाच्या पुढं बसतं. कुत्र्याच्या गळ्यातून मात्र आपण तेवढाच जोर काढून घेतो. कुत्र्याची श्वासनळी मानेच्या पुढच्या बाजूला, कातडीखाली अगदी वरवर असते. कूर्चेची कडी एकाखाली एक, आणि तीही मागून उघडी. पॉमेरियनसारख्या लहान जातींत ती मुळातच मऊ पडायचा धोका असतो. हिसके बसत गेले की कुत्रं हंसासारखं केकाटत खोकायला लागतं. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला: गळपट्ट्यावर ओढ आली की कुत्र्याच्या डोळ्यातला दाब वाढतो, छातीच्या पट्ट्यानं वाढत नाही. पगाचे डोळे आधीच बाहेर आलेले आणि नाक आत गेलेलं. त्याला फिरवायला गळपट्टा मागितला तर मी छातीचाच काढून देते.

छातीचा घेतानाही बघून घ्या. पुढची पट्टी छातीच्या हाडावर यावी, खांद्यावर आडवी नको, नाहीतर पाय पुढं टाकताना अडतो. काखेत तीन बोटं मोकळी हवीत, तिथं पहिल्यांदा सोलतं. कडी पाठीवर असली तर धिप्पाड कुत्र्याला ओढायला आणखी चेव येतो. छातीवर असली तर ओढल्यावर त्याचं तोंड तुमच्याकडं वळतं. घरी आल्यावर काढून ठेवा, वैशाखात तर नक्कीच.

खिळ्यांचा पट्टा कॉलेजच्या पोरांना फार आवडतो. हिमाचलातल्या गद्दी मेंढपाळांच्या कुत्र्यांना तो घालतात, कारण तिथला बिबट्या थेट नरड्याला धरतो. आमच्या राजवाडा चौकात २०२१ साली बिबट्या येऊन गेला हे खरं, पण तेवढ्यावर पट्टा नको. शॉक देणाऱ्या पट्ट्याची चौकशीही होते. वेल्समध्ये त्यावर २०१० पासून बंदी आहे. आपल्याकडं जड साखळीचाच सोस जास्त. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये जनावराला अवाजवी आखूड किंवा अवाजवी जड साखळीनं तासन् तास बांधून ठेवणं हा गुन्हा आहे, आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणंसुद्धा. हे सांगितलं की गिऱ्हाईक साखळी खाली ठेवतं आणि घुंगरं मागतं. घुंगरं बैलालाच ठीक, त्याचा कान घुंगरांपासून लांब असतो.

पावसाळ्यात चामडं भिजतं, बुरशी धरतं, आणि वाळताना आकसून अर्धा इंच खातं. तेव्हा नायलॉन बरं, पण त्याची कडा नखानं चाचपून घ्या, काही कडा करवतीसारख्या निघतात. कडी पितळी किंवा स्टेनलेस घ्या, पांढऱ्या पॉलिशखालचं लोखंड श्रावणापर्यंत गंजतं. आठवड्यातून एकदा पट्टा सोडून खालची जागा बघा. गोचीड तिथंच दडतो. गोचिडाचे औषधी पट्टे मिळतात, पण पाकिटावरचं वय वाचल्याशिवाय पिल्लाला घालू नका.

गल्लीतल्या पिल्लाला पोरं हौसेनं रिबीन बांधतात, कुणी जुनी राखी, कुणी माझ्याच दुकानातली सुतळी. पिल्लू वाढतं, रिबीन वाढत नाही. केसांखाली ती कातडीत रुतत जाते आणि वरून काही दिसत नाही, आधी वास येतो, मग माश्या. डॉक्टरांकडं अशी पिल्लं दर वर्षी येतात आणि भूल देऊन दोरा काढावा लागतो. भटक्यांना चमकणारे पट्टे घालणाऱ्या मुलामुलींना मी पट्टे कमी भावात देते, अट एकच: पूर्ण वाढलेल्यालाच, आणि ताणणारा.

आता बिल्ला. पट्ट्याचं खरं काम तेच, कुत्रं हरवलं तर घरी यावं. टांगता बिल्ला झुडपात अडकून पडतो, म्हणून चपटी पितळी पट्टी दोन रिव्हेटांनी पट्ट्यावर बसवून घ्या. अक्षरं कोरायला कुठं लांब जायला नको, भांड्यांच्या दुकानात नाव घालायचं मशीन असतंच. कुत्र्याचं नाव घालू नका, चोराला हाक मारायची सोय कशाला? दोन फोन नंबर घाला, एक घरचा आणि एक शेजाऱ्यांचा.